हशा कुणाचा? : प्रस्तावना

टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमधून ऐकू येणारा हशा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने ओसरला. अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांची यादी नुसती चाळली तरी ते ध्यानात येतं. २००५ साली 'एव्हरीबडी लव्ज रेमंड' सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका ठरली. ती स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित होत असे आणि त्यांचं हसणं संवादांबरोबर घरोघर पोचत असे. पुढच्या वर्षी हा पुरस्कार 'द ऑफिस'ला गेला. मग 'थर्टी रॉक', 'मॉडर्न फॅमिली', 'व्हीप', 'फ्लीबॅग', 'टेड लासो' अशी रांग लागली. २००५ नंतर हशा ऐकू येणाऱ्या एकाही मालिकेला तो मिळालेला नाही. 'द बिग बँग थिअरी' २००७ ते २०१९ अशी बारा वर्षं तुफान चालली, तिलासुद्धा नाही.

याबद्दल हळहळणारं माणूस मला क्वचितच भेटलं. 'कुठे हसायचं ते आम्हाला कुणी सांगायला नको' हे मात्र पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. त्यात तथ्य आहे. पण असं म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. एक हशा समोर बसलेल्या माणसांचा असतो, त्याच क्षणी, त्याच विनोदाला आलेला. दुसरा आधी कधीतरी, भलत्याच कुणाच्या विनोदावर उसळलेला असतो आणि यंत्रातून इथे आणून जोडलेला असतो. टीव्हीच्या धंद्याने या दोघांची इतकी सरमिसळ केली, की प्रेक्षकांचा दोघांवरचाही विश्वास उडाला. दुसरा गेला ते उत्तम झालं असं मी मानतो. त्याच्या मागोमाग पहिलाही जवळजवळ गेला, आणि ते नुकसान आपण अजून नीट मोजलेलं नाही. ते मोजावं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

गोष्ट सुरू होते ती रेडिओवर. अमेरिकन रेडिओवरचे विनोदी नट रंगमंचावरून आलेले होते. समोर माणसं नसतील तर त्यांना आपल्या बोलण्याची लय सापडत नसे, म्हणून स्टुडिओतच प्रेक्षक बसवायची पद्धत पडली. कार्यक्रम थेट प्रसारित होत, त्यामुळे हशा आला तर आला, नाही तर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या तंत्रज्ञाने चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रं जर्मनीहून अमेरिकेत आणली आणि १९४७ पासून बिंग क्रॉस्बीचा कार्यक्रम अशा फितीवर मुद्रित होऊ लागला. फीत कापता येते, हवी तिथे जोडता येते. मलिन यांनी पुढे सांगितलेली एक आठवण आहे. बॉब बर्न्स या विनोदवीराने एकदा शेतावरचे काही चावट किस्से सांगितले आणि प्रेक्षक हसून हसून बेजार झाले. किस्से प्रसारित करण्याजोगे नव्हते, ते काढून टाकले. हशा मात्र जपून ठेवला आणि काही आठवड्यांनी एक कार्यक्रम फिका पडला तेव्हा त्यात जोडून दिला. हशाची आणि त्याच्या कारणाची ताटातूट झाली ती इथे. पुढच्या पन्नास वर्षांत जे झालं ते याच प्रसंगाचा विस्तार होता.

टीव्हीवर 'द हँक मॅक्यून शो' या मालिकेने १९५० साली मुद्रित हशा वापरला. त्याच्या पुढच्याच वर्षी 'आय लव्ह लुसी' आली आणि तिने दुसरी वाट धरली. लुसील बॉल आणि डेझी आर्नाझ या नवराबायकोने नाटकासारखा एका बाजूने उघडा सेट लावला, समोर पायऱ्यापायऱ्यांवर प्रेक्षक बसवले आणि कार्ल फ्रॉइंड या कसलेल्या छायाचित्रकाराच्या देखरेखीखाली तीन फिल्म कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण केलं. पुढे अर्धं शतक अमेरिकेतल्या बहुतेक स्टुडिओ-मालिकांनी हाच आराखडा वापरला. या मालिकेच्या काही भागांत लुसी नवा घोळ घालणार एवढ्यात प्रेक्षकांतून एका बाईचा काळजीचा 'अ-ओ' ऐकू येतो. तो लुसील बॉलच्या आईचा, डीडी बॉल यांचा. त्या चित्रणाला प्रेक्षकांत येऊन बसत आणि लेकीचं आता काय होणार या धास्तीने त्यांच्या तोंडून तो उद्गार निघे. हशाला चेहरा असतो आणि नातंही असतं, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे सापडला नाही.

त्याच सुमारास सीबीएसमधले ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस एका पेटीवर काम करत होते. युद्धकाळात त्यांनी नौदलासाठी रडारवर काम केलं होतं. टीव्हीतला हशा त्यांना खटकत असे, कारण तो कुठे अपुरा पडे, कुठे नको तिथे येई, कुठे फार लांबे. कमी तिथे घालायचा आणि जास्त तिथे दाबायचा, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. धंद्यातली माणसं या कामाला 'स्वीटनिंग' म्हणत. त्यातून जे यंत्र तयार झालं ते 'लाफ बॉक्स'. दोन फुटांहून उंच अशा या पेटीत ३२ फिती गोल फिरत असत, प्रत्येक फितीवर १० हशे, म्हणजे एकूण ३२०. पुढे टाइपरायटरसारख्या कळा. कुठली कळ दाबली त्यावर बाईचं हसणं की पुरुषाचं, खुसखुस की गडगडाट, हे ठरे. खाली पायाशी पेडल, त्यावर हसण्याची लांबी. सगळे प्रेक्षक विनोद समजल्याबरोबर एकदम हसत नाहीत, एखाद्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडतो. डग्लस हे जाणून होते आणि दोन-तीन कळा अशा मागेपुढे वाजवत, की शेवटी कुणीतरी एकटंच हसत राहिल्याचा भास व्हावा. हे हशे जमवताना त्यांनी रेड स्केल्टनच्या मूकाभिनयाच्या प्रवेशांचा उपयोग केला. नट बोलतच नसल्यामुळे तिथे हसणं अगदी स्वच्छ मिळे, त्यात संवादाचा तुकडा मिसळलेला नसे.

पेटीला कुलूप असे. आत काय आहे हे त्यांच्या घरच्या माणसांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. स्टुडिओतून बोलावणं आलं की ते पेटी ढकलत घेऊन जात, काम करत आणि पेटीसह परतत. साठीच्या दशकात 'बीविच्ड', 'गिलिगन्स आयलंड', 'द मन्स्टर्स' या मालिका बाहेर जाऊन किंवा एका कॅमेऱ्याने तुकड्यातुकड्याने चित्रित होत. तिथे प्रेक्षक बसणं शक्यच नव्हतं, तरी हशा होता. 'द फ्लिंटस्टोन्स' तर कार्टून. चित्रांसमोर कोण बसून हसलं असेल, हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणाला पडला नाही.

निर्मात्यांना हे आवडत होतं असं नाही. वाहिन्यांच्या वरिष्ठांना मात्र हशावाचून धीर होत नसे. 'होगन्स हीरोज'चा पहिला भाग १९६५ साली सीबीएसने निवडक प्रेक्षकांना दोन प्रकारे दाखवून पाहिला, हशासह आणि हशाविना. हशावाला सरस ठरला आणि हा वाद बराच काळ मिटला. त्यात नुसती धंद्याची भीती होती असं म्हणता येणार नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अभ्यासकाने हसण्याच्या नोंदी ठेवल्या तेव्हा एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो असं दिसलं. सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली लंडनमध्ये केलेल्या प्रयोगात साध्या, फुसक्या विनोदांना हसण्याचा आवाज जोडला. तेच विनोद लोकांना जास्त गमतीदार वाटले, आणि जोडलेलं हसणं उत्स्फूर्त असेल तर ओढूनताणून आणलेल्या हसण्यापेक्षा अधिक. दुसऱ्याचं हसणं ऐकून आपण हसतो यात आपला काही कमीपणा नाही. माणूस असाच आहे.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा 'मॅश'चा आहे, म्हणून पुस्तकात त्याला दोन प्रकरणं दिली. कोरियाच्या युद्धात आघाडीजवळ तंबूत चालणारं अमेरिकन लष्करी रुग्णालय आणि तिथले डॉक्टर, असा विषय. मालिका १९७२ साली सीबीएसवर सुरू झाली. लेखक लॅरी गेलबार्ट आणि निर्माते जीन रेनल्ड्स यांना हशा अजिबात नको होता. वाहिनी हटून बसली. शेवटी तडजोड झाली : हशा राहील, पण शस्त्रक्रियेच्या तंबूत नाही. डॉक्टर तिथेही सतत विनोद करतात. हात रक्ताने भरलेले असतात, टाके घालता घालता एकमेकांच्या टोप्या उडवतात. पण तिथे कुणी हसत नाही. बाहेर आल्यावर, जेवणाच्या तंबूत, तसलाच विनोद झाला की पेटी वाजते.

ही तडजोड नाइलाजाची होती, पण तिने एक विलक्षण काम केलं. आठवड्यामागून आठवडे मालिका पाहणाऱ्यांच्या कानाला सवय लागली, की हशा थांबला म्हणजे आपण जखमी माणसापाशी आहोत. १९७५ साली तिसऱ्या हंगामाच्या शेवटच्या भागात लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक नोकरीतून मुक्त होऊन घरी निघतो. निरोपाचे प्रसंग हसतखेळत होतात, पेटी आपलं काम करत असते. मग आपण शस्त्रक्रियेच्या तंबूत येतो. रडार नावाचा पोरसवदा कारकून तोंडाला मास्क न लावता आत येतो, हातात कागद. ब्लेकचं विमान पाडलं गेलं आणि कुणीही वाचलं नाही, एवढं तो वाचतो. डॉक्टर काम थांबवू शकत नाहीत, पुढ्यात उघडी पोटं आहेत. शांततेत कुणाच्या तरी हातून एक हत्यार खाली पडल्याचा आवाज होतो. तो चित्रणाच्या वेळी अपघाताने झाला होता, आणि दिग्दर्शनाची धुरा सांभाळणाऱ्या गेलबार्टनी तो ठेवला. पेटी तीन हंगाम या तंबूच्या दाराबाहेर थांबली नसती तर त्या शांततेचं वजन इतकं भरलं नसतं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविनाच दाखवली, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना ती आधीपासूनच अधिक गंभीर मालिका वाटत आली. १९८३ सालचा अखेरचा दीर्घ भाग अमेरिकेतही हशाविना प्रसारित झाला आणि दहा कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला. हशावाचून प्रेक्षक टिकत नाहीत, या समजुतीला याहून मोठं उत्तर काय हवं होतं? तरी वाहिन्या आणखी बरीच वर्षं धजल्या नाहीत.

सत्तरीच्या दशकातच खऱ्या प्रेक्षकांचाही पुन्हा जोर झाला. नॉर्मन लीअरची 'ऑल इन द फॅमिली' १९७१ साली आली. ती खऱ्या प्रेक्षकांसमोर मुद्रित होत असे आणि तसं प्रेक्षकांना सांगितलंही जाई. वंशद्वेष, युद्ध, स्त्रियांचे हक्क अशा विषयांवर खवळलेल्या आर्ची बंकरला माणसं हसतात, मध्येच हसता हसता गप्प होतात, हे ऐकणं हा त्या मालिकेचा निम्मा आशय आहे. 'येस मिनिस्टर'चे लेखक जोनाथन लिन यांनी या हशाचा आणखी एक उपयोग सांगितला आहे. मंत्र्यांची आणि सचिवांची सालटी काढणाऱ्या मालिकेवर वरून दबाव येण्याची शक्यता असते. पण स्टुडिओतले दोन-अडीचशे नागरिक मोठ्याने हसताना ऐकू येत असतील तर 'यात हसण्यासारखं काय आहे' असं म्हणायची सोय राहत नाही. फारूख शेख यांची 'जी मंत्रीजी' याच मालिकेवरून बेतलेली होती, म्हणून मराठी वाचकाला यातली खोच चटकन कळेल.

समोरचा प्रेक्षक गोष्टसुद्धा बदलू शकतो. 'फ्रेंड्स'च्या चित्रणात विनोद पडला की लेखक तिथेच घोळका करून दुसरं वाक्य लिहीत आणि लगेच पुढच्या टेकमध्ये नट ते बोलून पाहत. १९९८ साली रॉसच्या लग्नाचा भाग लंडनमध्ये चित्रित झाला. सकाळी चँडलरच्या अंथरुणात पांघरुणाखालून मोनिका डोकं वर काढते, त्या क्षणी स्टुडिओतली माणसं अशी ओरडली आणि इतका वेळ ओरडत राहिली, की नटांना पुढे बोलता येईना. लेखकांच्या मनात ते प्रकरण थोडक्यात आटोपायचं होतं. त्या आवाजानंतर त्यांनी विचार बदलला. पुढे या दोघांचं लग्न झालं, आणि मालिकेची उरलेली सगळी वर्षं त्या जोडीभोवती फिरली. असा कौल एकट्याने फोनवर पाहणाऱ्या लाखो लोकांकडून मिळत नाही. तिथे आकडे मिळतात, आणि तेही काम संपल्यावर. प्रेक्षकांचा जाचही होई, हेही खरं. 'साइनफेल्ड'मध्ये क्रेमर दार ढकलून आत आला की टाळ्या इतक्या पडत, की प्रवेश अडून राही. शेवटी प्रेक्षकांना टाळ्या आवरायला सांगावं लागलं.

उतरण कशी लागली? पैसे भरून पाहायच्या एचबीओसारख्या वाहिन्यांना जाहिरातदारांची धास्ती नव्हती. १९९२ साली तिथे गॅरी शँडलिंगची 'द लॅरी सँडर्स शो' आली. टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमामागची दुनिया हा तिचा विषय. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षक हसतात, आणि पडद्यामागे गेलो की एकदम सामसूम. लॅरीला समोरच्या हशाचं व्यसन आहे आणि मागच्या शांततेची भीती, हे एकही शब्द न बोलता कळतं. एरन सॉर्किनच्या 'स्पोर्ट्स नाइट'वर १९९८ साली वाहिनीने हशा लादला. तो हळूहळू मंदावत गेला आणि दुसऱ्या हंगामापर्यंत नाहीसा झाला. २००० साली 'माल्कम इन द मिडल' आली आणि हशाविनाही लोकप्रिय झाली. त्यानंतर 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'सारख्या मालिकांनी विनोद इतके दाटीवाटीने भरले, की मध्ये हसायला जागाच उरली नाही.

पण खरा घाव घातला तो ब्रिटनच्या 'द ऑफिस'ने, २००१ साली. रिकी जर्वेसचा डेव्हिड ब्रेंट हा साहेब विनोद करतो आणि खोलीत कुणीच हसत नाही. ती अवघडलेली शांतताच विनोद आहे. तिथे एक हशा घातला असता तर ब्रेंट सुटला असता आणि आपणही. या मालिकेने हशाची जागा दुसऱ्या गोष्टीला दिली. साहेब काहीतरी बरळतो आणि टिम नावाचा कर्मचारी क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो. 'बघितलंत ना?' असं ते बघणं. अमेरिकी आवृत्तीत जिम तेच करतो, पुढे 'फ्लीबॅग'ची नायिकाही. सोबतीची गरज संपलेली नव्हती. आधी दोनशे जण सोबत करत होते, आता एक जण डोळ्यांनी करू लागला.

हल्ली इंटरनेटवर जुन्या मालिकांतला हशा पुसून केलेले तुकडे फिरतात. 'फ्रेंड्स'मधला रॉस बोलतो, थांबतो, शून्यात बघतो, पुन्हा बोलतो, आणि पाहणाऱ्याला तो माथेफिरू वाटतो. लोक ते विनोद फुसके असल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. मला हा अन्याय वाटतो. नट थांबला होता कारण समोर माणसं हसत होती. मराठी रंगभूमीवर याला 'लाफ्टर घेणं' म्हणतात आणि ते ज्याला जमतं तो नट मोठा मानला जातो. लाफ्टर चढू द्यायचा, उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर वाक्य बुडतं, उशीर झाला तर प्रवेश बसतो. पुलंच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. 'म्हैस' घरात बसून कितव्यांदाही ऐकली तरी सभागृहातला तो हशा कथेचाच भाग वाटतो. पुलं त्याच्यासाठी किती थांबतात आणि कधी त्याला न जुमानता पुढे जातात, हेसुद्धा आपल्याला पाठ असतं. त्या फितींतून हशा पुसला तर उरणाऱ्या पोकळ्यांवरून पुलंची पारख कुणी करील का?

आपल्याकडच्या टीव्हीची वाट थोडी निराळी गेली. नव्वदीतल्या हिंदी विनोदी मालिकांत मुद्रित हशा सर्रास असे आणि बहुतेकदा तो ओबडधोबडच असे. २००५ साली स्टार वनवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झाला आणि हसण्याचं काम परीक्षकांच्या खुर्चीकडे आलं. विनोद झाला की कॅमेरा तिकडे वळतो, ही रीत तेव्हापासून रुळली. मराठीत 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून तीच रीत पाळते. तिथे निदान हसणारं माणूस दिसतं आणि ते कशाला हसलं तेही दिसतं. यावर एक छोटं प्रकरण आहे, पण हा विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे आणि तो नाटक-टीव्हीत प्रत्यक्ष काम केलेल्या कुणीतरी हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रकरणं कालक्रमाने लावली असली तरी त्याच क्रमाने वाचली पाहिजेत असं नाही. मात्र 'मॅश'वरच्या प्रकरणांआधी शक्य असेल तर मालिकेचा एखादा भाग पाहून घ्यावा. तिच्या डीव्हीडींवर हशा बंद करण्याची सोय आहे. सुरुवातीच्या हंगामातला कुठलाही भाग घ्या, एकदा हशासह पाहा, एकदा त्याच्याविना. आणि दोन्ही वेळा एकट्याने पाहू नका. घरातलं कुणीतरी शेजारी बसवा.